काकू, घड्याळ लावा!

मिशीवाले काकू बघितलेत कधी? मी बघितलेत. कोलकात्यात, गरियाहाटच्या उड्डाणपुलाखाली, शनिवारी संध्याकाळी सात वाजता.

त्याचं असं झालं, की बंगालीत काकांना 'काकू' म्हणतात हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे गर्दीतून कुणीतरी 'काकू, या मुलीला बसवा' असं ओरडलं, तेव्हा मी आपली सुती साडीतल्या एखाद्या प्रेमळ बाईंना शोधत होते. पुढे आले ते सत्तरीचे, पांढऱ्या झुबकेदार मिशांचे, खांद्याला कापडी झोळी लावलेले गृहस्थ. त्यांनी पट मांडला, घड्याळ पाच मिनिटांवर लावलं, माझ्याकडे बघून मान हलवली. आणि मला धुतलं, बॉस! माझ्या घड्याळात अजून दीड मिनिट शिल्लक होतं.

नोव्हेंबर २०२४ची गोष्ट. ऑफिसच्या कामासाठी कोलकात्याला गेले होते. क्लायंटचं प्रेझेंटेशन शुक्रवारी आटपलं, परतीचं विमान रविवारी रात्रीचं. म्हणजे अख्खा वीकेंड मोकळा! सहकाऱ्यांनी व्हिक्टोरिया मेमोरियल, पार्क स्ट्रीट आणि मिष्टी दोई अशी रीतसर यादी केली. मी मात्र टॅक्सी पकडली ती अलिपूरची. तिथल्या 'धोनोधान्यो' सभागृहात (शंखाच्या आकाराची इमारत आहे, एकदा बघाच) टाटा स्टील चेस इंडिया स्पर्धा चालू होती आणि साक्षात मॅग्नस कार्लसन खेळायला आला होता.

बुद्धिबळ बघायला कोण जातं, असं विचारू नका. मीही हेच विचारायचे. बाबांनी लहानपणी शिकवलं होतं. रविवारी सकाळी बसलो, की आईची आमटी दोनदा गरम व्हायची. मग नोकरी लागली आणि पट माळ्यावर गेला. लॉकडाऊनमध्ये समय रैनाच्या ऑनलाइन चेसने अर्ध्या देशाला लावलं तसं मलाही पुन्हा वेड लावलं. पण हे वेड वेगळं. फोनवर तीन-तीन मिनिटांचे डाव. ठाणे ते दादर चार डाव बसतात, जागा मिळो न मिळो. दहा मिनिटांचा डाव मला हल्ली लांबलचक वाटतो. म्हणजे बघा.

तर तो हॉल. शनिवारपासून ब्लिट्झ सुरू झालं होतं. प्रत्येकाला डावासाठी ३ मिनिटं, शिवाय प्रत्येक चालीमागे २ सेकंद बोनस. दोन दिवसांत असे १८ डाव. त्याआधीचे तीन दिवस रॅपिडचे, २५ मिनिटं अधिक चालीमागे १० सेकंद, त्याचे ९ डाव. पाच दिवसांत २७ डाव! आजूबाजूला शाळेच्या गणवेशातली पोरं, त्यांचे आईबाप, एक आजीबाई, आणि माझ्यासारखे काही सुटाबुटातून नुकतेच सुटलेले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात खेळाडूंचे हात पट आणि घड्याळ यांच्यामध्ये असे पळत होते, की आजीबाईंनी माझा दंडच धरला. एवढ्या मोठ्या ग्रँडमास्टरच्या हातून घोडा निसटून पडतो, तो सरळ करायलाही वेळ नसतो, हे बघायला मजा येते हो! खोटं कशाला बोलू?

आता एक गंमत सांगते. याच टाटांची बुद्धिबळातली दुसरी स्पर्धा हॉलंडमध्ये होते, विक आन झी नावाच्या समुद्रकाठच्या गावात. १९३८ साली तिथल्या पोलाद कारखान्याने सुरू केलेली. कारखाना पुढे कोरसचा झाला, २००७मध्ये टाटांनी कोरस घेतली आणि स्पर्धाही घरात आली. तिथे दरवर्षी जानेवारीत १३ डाव खेळायला दोन आठवड्यांहून जास्त लागतात. एकेक डाव पाच-सहा तासांचाही होतो. मालक तोच, खेळ तोच. पण २०१८मध्ये कोलकात्यात नवी स्पर्धा काढायची वेळ आली तेव्हा टाटांनी रॅपिड आणि ब्लिट्झ निवडलं. जुन्या घरात संथ आणि नव्या घरात वेगवान. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

आणि २०१८ म्हटलं की लंडन आठवतं. त्याच नोव्हेंबरात तिथे कार्लसन आणि फाबिआनो कारुआना यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. क्लासिकल, म्हणजे संथ पद्धतीचे १२ डाव. जवळजवळ तीन आठवडे. निकाल? बाराच्या बारा बरोबरीत! मग एका दिवशी रॅपिडचे डाव लावले, कार्लसनने ३-० मारले, विषय संपला. तीन आठवड्यांत जे झालं नाही ते एका दुपारीत झालं. २०२३मध्ये डिंग लिरेन जगज्जेता झाला तोही रॅपिडच्या टायब्रेकवरच. कार्लसनने तर २०२२मध्येच जाहीर केलं होतं, की आता मी हे जगज्जेतेपद राखायला खेळणारच नाही. रॅपिड आणि ब्लिट्झ मात्र तो मन लावून खेळत राहिला. जगातला सगळ्यात भारी खेळाडूच पाठ फिरवतो, तेव्हा संथ खेळाचं काहीतरी बिनसलंय हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

बिनसलंय ते कॉम्प्युटरमुळे. टॉपचे खेळाडू आज पहिल्या पंधरा-वीस चाली घरूनच पाठ करून येतात, इंजिनने तपासून. समोरचाही तसाच तयार. दोघांकडे भरपूर वेळ असला की पाठ केलेलं आठवायलाही वेळ आणि चूक सुधारायलाही वेळ. मग हस्तांदोलन, बरोबरी, चला जेवायला. घड्याळ आवळलं की ही पाठांतराची शिदोरी लवकर संपते आणि माणूस उघडा पडतो. चुका होतात. आणि आपण तिकीट काढून चुकाच तर बघायला जातो.

हे सगळं ज्ञान मी गरियाहाटला पाजळलं. हॉलमध्ये शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलाने सांगितलं होतं, 'दीदी, खरा ब्लिट्झ बघायचाय तर पुलाखाली जा.' कालीघाट मेट्रोपाशी उतरायचं, रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूने शेअर ऑटो घ्यायची, गरियाहाटच्या चौकात साड्या आणि कानातल्यांच्या ठेल्यांचा मोह आवरायचा (मला नाही आवरला), की डोक्यावर पूल आणि पुलाखाली माणसांची कोंडाळी. मधे पट. कुठे घड्याळ आहे, कुठे नुसतीच तोंडं चालतात. वर बसगाड्या, खाली शह! खेळणारा एक, सल्ला देणारे सात. मातीच्या भांड्यातला चहा, हे सांगायला नकोच.

पहिला डाव हरले ते सांगितलंच. दुसरा चक्क भाषेमुळे हरले. काकू मधेच म्हणाले, 'तुझा गज अडकलाय बघ.' गज म्हणजे हत्ती, म्हणून मी हत्ती हलवला. आणि उंट गेला! कारण बंगालीत गज म्हणजे आपला उंट, आणि आपल्या हत्तीला ते म्हणतात 'नौका'. आता कोपऱ्यात नाव कशाला बांधून ठेवलीय, असं मी विचारलं. काकू हसले. 'आणि तुमचा हत्ती एवढा सरळ का चालतो, मा?' (तरुण मुलींना तिकडे वडीलधारे 'मा' म्हणतात. मी काकू म्हणत होते, ते मा. ऐकणाऱ्याची काय अवस्था झाली असेल!)

मी मुंबईची आहे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न सांगलीचा विचारला. सांगली! मला सांगलीची हळद आणि भडंग माहीत. त्यांना तिथलं नूतन बुद्धिबळ मंडळ, भाऊसाहेब पडसलगीकर, सगळं तोंडपाठ. काकू बँकेत होते. स्पर्धा असली की स्पेशल लीव्ह मिळायची, ट्रेनने दोन दिवस प्रवास, मग दहा-बारा दिवस खेळायचं, पुन्हा दोन दिवस परत. 'आणि साहेब काही म्हणायचे नाहीत?' मी विचारलं. 'साहेबच तर स्टेशनवर सोडायला यायचे!'

इथे माझी ट्यूब पेटली. कॉम्प्युटर वगैरे टॉपच्या लोकांचं दुखणं. आपल्यासारख्यांचं बुद्धिबळ वेगवान झालं ते सुट्टीमुळे! रशियात खेळाडू सरकार पोसायचं. आपल्याकडे बँका, रेल्वे, विमा कंपन्या नोकरी द्यायच्या आणि वर रजाही. आज मी बॉसला मेल टाकून बघू का, की संथ पद्धतीची नऊ फेऱ्यांची स्पर्धा आहे, आठवडाभर येत नाही? म्हणून मग रविवारची एकदिवसीय रॅपिड. सकाळी जायचं, सहा-सात डाव खेळायचे, रात्री घरी येऊन डबा भिजत घालायचा. काकूंनाही हे पटलं. म्हणाले, पुलाखाली तर कायमच असं होतं. इथे येणाऱ्या प्रत्येकाला बस पकडायची असते. पूर्वी हॉलमधली माणसं पुलाखालच्यांना हसायची. आता हॉलच पुलाखाली यायला निघालाय.

तसं बघितलं तर ही घाई याच शहरात जुनी आहे. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्यांदाही एकच घर पुढे जायचं. साहेबाचा नियम दोन घरांचा, म्हणजे डाव लवकर पेटणार. १८५०च्या सुमारास इथे जॉन कॉकरन नावाचा स्कॉटिश गृहस्थ आणि महेशचंद्र बंद्योपाध्याय शेकडो डाव खेळले. महेशबाबूंच्या एकेक घर दबकत जाणाऱ्या प्याद्यांवरूनच 'इंडियन डिफेन्स' हे नाव पडलं असं मानतात. पुढे याच गावच्या सत्यजित राय यांनी १९७७मध्ये 'शतरंज के खिलाड़ी' काढला, त्यातही नवाबांना साहेबाचा हा झटपट खेळ समजावून सांगायचा प्रसंग आहे. (राय राहायचे त्या रस्त्याचं नाव बिशप लेफ्रॉय रोड. उंटाच्याच नावाचा रस्ता! जवळच्या गॉर्की सदनात अलेखाइन चेस क्लब आहे, वेळ असेल तर तेही करा.) घड्याळ आलं १८८३ला, लंडनच्या स्पर्धेत. तोवर समोरचा विचार करकरून रडवायचा. १९८८मध्ये बॉबी फिशरने चालीमागे काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचं पेटंट मागितलं. आज जगभर तेच चालतं. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षं घड्याळ आवळतच चाललंय, आपण फक्त शेवटच्या डब्यात चढलोय.

पण काकू खूश नव्हते. डाव मोडून त्यांनी घड्याळ झोळीत टाकलं. 'उद्या दुपारी ये. एकच डाव. माझ्या पद्धतीने.'

आली का पंचाईत? रविवारी हॉलमध्ये ब्लिट्झचा शेवटचा दिवस होता. कार्लसन! परत कधी बघायला मिळणार? सकाळभर हॉटेलवर तळ्यात-मळ्यात चाललं. दीड वाजता मी ऑटोत होते, गरियाहाटच्या.

घड्याळ नाही. दोन वाजता बसलो. पहिला अर्धा तास माझा हात नुसता शिवशिवत होता. मी चाल केली, की काकू पटाकडे बघत बसायचे आणि मी फोनकडे. एका चालीला त्यांनी १८ मिनिटं घेतली. मी मोजली! तेवढ्या वेळात ठाण्याहून घाटकोपर येतं. मी मेल बघितले, हॉलमधला स्कोअर बघितला, कानातलं फिरवलं. मग फोन उलटा ठेवला. कंटाळा आला म्हणूनच ठेवला, उगाच मोठेपणा नको. आणि तासाभराने कधीतरी पटावर काहीतरी दिसायला लागलं. नुसती चाल दिसत नव्हती, कारण दिसत होतं. त्यांचा घोडा त्या कोपऱ्यात का गेलाय? तिथून तो परत येऊच शकत नाही, जर मी... मग हे, मग ते, मग... पाच चालींनंतर एक प्यादं फुकट मिळत होतं. फोनवरच्या हजारो डावांत मला असं कधीच दिसलं नव्हतं. पुन्हा पुन्हा तपासलं. हात थरथरत होता. काकूंनी माझी चाल बघितली, मिशीतल्या मिशीत हसले आणि चहा सांगितला. 'बाबांनी शिकवलं का?' मी मान हलवली. घशात काहीतरी आलं होतं, ते चहाबरोबर गिळलं.

साडेपाचला उरलं काय, तर दोघांचा एकेक हत्ती (किंवा नौका, तुमची मर्जी), माझी तीन प्यादी, त्यांची दोन, सगळी एकाच बाजूला. आणि विमान रात्रीचं. हॉटेलवरून बॅग घ्यायची, डमडमला पोचायचं, रविवारचं ट्रॅफिक. मी म्हटलं, काकू, बरोबरी करूया. ते म्हणाले, 'कशाला? अ‍ॅडजर्न करू.'

ही भानगड आपल्या पिढीला माहीत नाही. पूर्वी पाच तासांत डाव संपला नाही, की तो तहकूब व्हायचा. ज्याची चाल असेल तो ती कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा, पाकीट पंचांकडे. म्हणजे कुणालाच फुकटचा फायदा नाही. मग रात्रभर दोघंही आपापल्या खोलीत तोच पट मांडून जागायचे, मित्र मदतीला. सकाळी पाकीट फोडून पुढचा डाव. १९९०च्या दशकात हे बंद पडलं. कारण उघड आहे, रात्रभर जागायला आता माणसं लागत नव्हती.

काकूंनी झोळीतून बँकेचं जुनं पाकीट काढलं. चाल लिहिली, गोंद नव्हता म्हणून कडा चाटून चिकटवली, वर दोघांच्या सह्या. पंच कुणी नव्हतं, म्हणून पाकीट माझ्याच हातात दिलं. 'पुढच्या वेळी आण.' बस्स! एवढा विश्वास ऑफिसात पासवर्डच्या बाबतीतही कुणी ठेवत नाही.

विमानतळावर चेक-इन झालं. कार्लसनने रॅपिड आणि ब्लिट्झ दोन्ही जिंकल्याची बातमी वाचली. आणि मग मी ते केलं. पाकीट नाही उघडलं, शपथ! पण पटाचा फोटो होता, तो बघून मोहरे फोनवर मांडले आणि इंजिन चालू केलं. दोन सेकंद लागले. ०.००. म्हणजे बरोबरी. काकूंनी कुठलीही शहाणी चाल लिहिली असली तरी बरोबरी. साडेतीन तास बसून उभं केलेलं सगळं, तीन आकडे आणि एक टिंब! विमान सुटायला पाऊण तास होता आणि करायला काहीच उरलं नव्हतं. अ‍ॅडजर्नमेंट का मेली हे मला कुणी पुस्तकातून समजावलं असतं तर एवढं कळलं नसतं.

१२ डिसेंबरला संध्याकाळी ऑफिसात असताना काकूंचा फोन. सिंगापूरला गुकेश आणि डिंग यांच्यातला चौदावा, म्हणजे शेवटचा संथ डाव चालू होता. सगळे म्हणत होते बरोबरी होणार, मग रॅपिड, आणि रॅपिडमध्ये डिंग भारी. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, बाकी काही नाही. इंजिन बरोबरीच सांगत होतं. तरी तो पोरगा रेटत राहिला, रेटत राहिला. चार तासांच्या वर खेळून थकलेल्या डिंगने ५५व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात ठेवला आणि १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. 'बघितलंस?' काकू ओरडत होते. 'तुझ्या मशिनला विचार, माणूस किती दमला होता ते तिला दिसलं का?' मी त्यांना मशिनबद्दल काही सांगितलंच नव्हतं. कसं कळलं कुणास ठाऊक.

हिशेब मीही चुकता केला. जुलै २०२५मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाची फायनल, नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. दिव्या १९ची, हंपी बरोब्बर दुप्पट, ३८ची. संथ पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत. रॅपिड लावलं. दुसऱ्या डावात घड्याळ आटत गेलं, हंपीच्या हातून चुका झाल्या आणि दिव्या जिंकली. त्याच झटक्यात ग्रँडमास्टरही झाली. मी लगेच फोन लावला, 'काकू, बघितलंत?' आणि हेही ऐकवलं, की २०२३मध्ये याच दिव्याने तुमच्या कोलकात्यात टाटा स्टीलचं महिला रॅपिड जिंकलं होतं, सगळ्यात खालचं मानांकन असताना! काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, रॅपिडमध्ये पोरीच जिंकतात असं नाही. हंपी ३७व्या वर्षी रॅपिडची जगज्जेती झाली, आनंद ४८व्या वर्षी झाला. ते वेगात जिंकतात, कारण आधी वर्षानुवर्षं संथ खेळलेत. 'तुझ्या ट्रेनमधल्या पोरांनी आधी काय केलंय?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पैसा मात्र कुठे वाहतोय ते दिसतंय. २०२५च्या उन्हाळ्यात रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये बुद्धिबळ शिरलं, प्रत्येकी दहा मिनिटं, बोनस सेकंदही नाहीत, बक्षिसं १५ लाख डॉलरची. जिंकलं कोण? कार्लसन, अर्थात. आणि फिडेने त्याच वर्षी निवडक स्पर्धांपुरता ४५ मिनिटांचा खेळही क्लासिकल रेटिंगला धरायची परवानगी दिली. काकूंना हे सांगितलं तर म्हणाले, 'पंचेचाळीस मिनिटांत माझा चहासुद्धा येत नाही.'

पाकीट माझ्या ऑफिसच्या खणात आहे, पे-स्लिपांच्या खाली. बँकेचा जुना लोगो, वर दोन सह्या. ट्रेनमध्ये मी अजूनही तीन मिनिटांचेच डाव खेळते. पण तो फोटो मधेमधे काढते, इंजिन न लावता. दोन प्याद्यांपैकी मागचं त्यांनी पुढे ढकललं असेल, तर माझ्या हत्तीला एक घर मिळतं. बहुतेक मिळतं. क्लायंटची पुढची मीटिंग लागायची आहे. या वेळी विमान सोमवारचं काढणार.